गूगल अर्थ प्रो: किनाऱ्यावरची मोकळी जागा राखणाऱ्यांच्या कामाचं साधन

खाडीकाठी भराव पडायला लागला की पहिला वाद तारखेवरून होतो. भराव टाकणारा म्हणतो, इथे पूर्वीपासून कोरडी जमीन आहे. लोक म्हणतात, मागच्या वर्षीपर्यंत इथे उधाणाचं पाणी यायचं, तिवरं होती, बायका कालवं काढायला उतरायच्या. साहेब दोघांचं ऐकून घेतात आणि विचारतात, पुरावा काय? मी जमीनमोजणीत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर किनाऱ्यावरच्या हरकतींसाठी नकाशे करून देतो. या प्रश्नाचं उत्तर देताना मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं साधन म्हणजे गूगल अर्थ प्रो.

हे संगणकावर उतरवून घ्यायचं सॉफ्टवेअर आहे आणि 2015 पासून फुकट आहे. जुनी उपग्रहचित्रं आता मोबाइलवर आणि ब्राउझरमध्येही दिसतात, तरी मी प्रो आवृत्तीच घ्या म्हणेन. वरच्या पट्टीतल्या घड्याळाच्या चिन्हावर टिचकी मारली की काळाची सरकपट्टी येते. ती मागे नेत जा. आधी तिवरांचा गर्द हिरवा पट्टा दिसतो. मग त्याच्या तोंडाशी मातीचा बारीक बांध येतो. पुढच्या चित्रात हिरवा रंग करडा पडलेला असतो, कारण भरतीचं पाणी तोडलं की तिवरं उभ्या उभ्या वाळतात, त्यांना कुऱ्हाड लावावीच लागत नाही. त्यानंतर डेब्रिजचे ढीग आणि शेवटी सपाट मैदान. हा क्रम तारखांसकट समोर ठेवला की 'पूर्वीपासून कोरडी' हे म्हणणं टिकवणं कठीण जातं.

मोजणीवाला म्हणून मला यातलं क्षेत्र मोजायचं साधन फार आवडतं. तिवरांच्या पट्ट्याभोवती रेघ फिरवली की चौरस मीटर समोर येतात. हा आकडा महत्त्वाचा आहे. सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, 2011 आणि 2019 च्या दोन्ही अधिसूचनांत 1000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती (तिवरांच्या जंगलाभोवती) 50 मीटरचा संरक्षित पट्टा सांगितला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 च्या निकालात महाराष्ट्रापुरतं त्याही पुढे जाऊन सगळ्याच कांदळवनांभोवती 50 मीटर मोकळे ठेवायला सांगितलं. किनारा व्यवस्थापनाच्या 1:25,000 प्रमाणाच्या नकाशावर हे 50 मीटर म्हणजे फक्त 2 मिलिमीटर. पेन्सिलीच्या जाड रेघेत एखाद्याचं अख्खं कुंपण लपू शकतं. तो नकाशा किंवा गावनकाशा स्कॅन करून 'इमेज ओव्हरले'ने उपग्रहचित्रावर पसरता येतो. नेमका बसवायला वेळ लागतो. रस्त्यांची जुनी वळणं, विहिरी, देवळं असे न हललेले बिंदू धरून बसवा, आणि तरीही दोन चित्रांमध्ये काही मीटरचा सरकाव राहू शकतो हे हरकतीत लिहून टाका. समोरच्या वकिलाने ते दाखवण्याआधी आपण सांगितलेलं बरं.

सगळ्यात मोठी अडचण भरती-ओहोटीची. उत्तर कोकणात उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. त्यामुळे एकच चिखलपट्टी एका चित्रात समुद्र दिसते आणि दुसऱ्यात मैदान. सॉफ्टवेअर तारीख देतं, वेळ देत नाही. इथे मी पंचांग काढतो. बारीक तपशील टिपणारे बहुतेक उपग्रह सकाळी साडेदहाच्या आसपास डोक्यावरून जातात, आणि कोळ्यांचा हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्दशीला साडेदहा येतात, म्हणजे त्या दिवशीचं चित्र बहुधा भरल्या पाण्याचं. षष्ठीला साडेचार येतात, म्हणजे सकाळी साडेदहाला ओहोटी. हा अंदाज आहे, पण चित्रं निवडायला पुरतो. चतुर्दशीच्या चित्रात पाणी तिवरांच्या मुळांपर्यंत पोचलेलं दिसलं तर ते आपल्या बाजूचं सर्वात भक्कम चित्र समजा. आणि कोणी ओहोटीचं चित्र दाखवून 'ही बघा जमीन' म्हणालं, तर त्या दिवशीची तिथी विचारा.

दुसरी अडचण पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर ढगांमुळे कोकणची कामाची चित्रं जवळपास नसतातच, आणि भराव टाकणाऱ्यांनाही हे महिने सोयीचे असतात. त्या काळासाठी युरोपच्या कोपर्निकस ब्राउझरवर सेंटिनेल-1 उपग्रहाची रडारचित्रं बघा, ती ढगांतून आरपार घेतलेली असतात. एरवी त्याच ठिकाणी सेंटिनेल-2 चीही चित्रं मिळतात. त्यांचा एक ठिपका 10 मीटरचा, म्हणजे ट्रक दिसणार नाही, पण ताज्या मातीचा डाग दिसतो, आणि चित्रं काही दिवसांच्या अंतराने येत राहतात. हेही फुकट आहे. शिकायला मात्र गूगल अर्थपेक्षा कठीण.

तारीख वाचताना सरकपट्टीवर विसंबू नका. पडदा अनेक तुकडे जोडून तयार झालेला असतो, आणि शेजारच्या तुकड्याची तारीख वेगळी असू शकते. आपल्या जागेवर कर्सर नेऊन खालच्या पट्टीतली तारीख बघा. चित्र साठवताना तीच तारीख आणि गट नंबर शीर्षकाच्या चौकटीत टंका, मोजपट्टी चालू ठेवा. कोर्टात द्यायचं असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं (पूर्वी यालाच 65-ब म्हणत).

घाई का करायची, तेही सांगतो. पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे त्याच्या कायद्याच्या कलम 14 खाली जायचं तर वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने मिळतात, सबळ कारण दिलं तर आणखी 60 दिवस. 'पहिल्यांदा' कधी घडलं, हे तारखेचं चित्रच सांगतं. उशीर झाला तर काय होतं हे पाहायचं असेल तर सरकपट्टी घेऊन केरळात कोचीजवळच्या मरडूला जा. सीआरझेडचे नियम मोडून बांधलेली तिथली चार गृहसंकुलं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जानेवारी 2020 मध्ये स्फोटाने पाडली. आदेश येईपर्यंत त्यांत कुटुंबं राहायला आलेली होती. तिथलं बांधकाम सुरुवातीलाच अडवलं गेलं असतं तर त्या माणसांची घरंही गेली नसती. मला त्या चित्रांकडे शांतपणे बघवत नाही.

या सॉफ्टवेअरला जागांची गावातली नावं माहीत नाहीत. आपलं खाजण, होड्या ओढायची वाट, जाळी वाळवायची पुळण त्याच्या लेखी निनावी चिखल आणि वाळू असते. म्हणून जाणत्या मच्छीमारांना आणि कालवं काढणाऱ्या बायकांना संगणकाशेजारी बसवा आणि त्या सांगतील तिथे खुणा टोचून नावं लिहा. या खुणा साठवल्या की केएमएल नावाची फाइल तयार होते; ती गटात सगळ्यांना पाठवा, माहिती अधिकारात मिळालेल्या कागदांसोबत ठेवा आणि जनसुनावणीला लेखी हरकतीबरोबर जोडून पोच घ्या.