प्राध्यापकीची कायम जागा तालुक्याला, जोडीदाराची नोकरी संभाजीनगरात

मला परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सहायक प्राध्यापकाची अनुदानित, म्हणजे पगार सरकारकडून येणारी, जागा मिळाली, तेव्हा नवरा संभाजीनगरजवळ वाळूजच्या कंपनीत होता आणि मुलगी बालवाडीत. पेढे वाटून झाले आणि त्याच रात्री प्रश्न पडला, आता राहायचं कुठे? नेट-सेट या पात्रता परीक्षा पास होऊन, पीएचडी पुरी करून बसलेल्या अनेक घरांत आज हाच प्रश्न आहे. वाटा तीन दिसतात. सगळ्यांनी बिऱ्हाड हलवायचं, एकाने तिकडे खोली घेऊन शनिवारी परतायचं, किंवा जागा सोडून शहरातच तासिका तत्त्वावर, म्हणजे तासांप्रमाणे मानधन घेऊन, शिकवत राहायचं.

आधी एक गैरसमज दूर करते, की कॉलेज जोडीदारालाही नोकरी देईल. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत प्राध्यापक घेताना त्याच्या जोडीदारासाठीही जागा शोधून देतात. आपल्याकडे अनुदानित पद निघतं ते मंजूर पदांतून, बिंदुनामावलीप्रमाणे (कोणती जागा कोणत्या आरक्षण प्रवर्गाची, हे ठरवणारी यादी) आणि सरकारची ना-हरकत मिळाल्यावर. संस्थाचालकांनी मनात आणलं तरी तुमच्या नवऱ्यासाठी किंवा बायकोसाठी असं पद तयार होत नाही. ‘त्यांनाही बघू कुठेतरी’ हा शब्द बहुतेक वेळा विनाअनुदानित तुकडीपुरता असतो. त्या भरवशावर जोडीदाराने राजीनामा देऊ नये.

कायम जागेच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे, महागाई भत्ता वेगळा. घरभाडे भत्त्यात तालुक्याचं गाव मार खातं. या भत्त्यासाठी शहरांचे वर्ग पाडलेले असतात. संभाजीनगर आणि नांदेड मधल्या ‘वाय’ वर्गात आहेत, आणि तालुक्याला त्यांच्या निम्मा टक्का मिळतो. पण घरभाडंही त्याहून कमी असतं, म्हणून याची चिंता करू नका. चिंता पहिल्या पगाराची करा. विद्यापीठाची मान्यता आणि उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयातली वेतननिश्चिती होईपर्यंत हातात काही येत नाही. माझा पहिला पगार सात महिन्यांनी झाला. ते सात महिने घर नवऱ्याच्या पगारावर चाललं. त्याने आधीच नोकरी सोडली असती तर उसनवारी करावी लागली असती.

आणखी एक गोष्ट उघड बोलायला हवी. काही ठिकाणी मुलाखतीआधीच ‘रेट’ सांगितला जातो. शेत विकून किंवा सोनं गहाण टाकून जागा घेतली की पुढे जोडीदाराचं तिथे काही जमलं नाही तरी परतता येत नाही, कारण कर्ज दोघांच्या बोकांडी बसलेलं असतं. अशी जागा मी या तुलनेत धरतच नाही.

तासिकेची वाट शहरात राहू देते, घर एकत्र ठेवते. पण मानधन घेतलेल्या तासांचंच, सुट्टीचं काही नाही, बिलं महिनोन्‌महिने अडकतात आणि दर वर्षी पुन्हा मुलाखत. पस्तिशीच्या आत, एक-दोन वर्षांपुरती ही वाट ठीक आहे. दहा-दहा वर्षं तिच्यावर काढलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. जोडीदाराचा पगार चांगला असला तरी माणूस आतून खचत जातो.

मग हलायचं कोणी? माझं उत्तर असं की ज्याच्या नोकरीत बदली आहे, त्याने. अनुदानित महाविद्यालयातलं पद त्या संस्थेचं असतं. संस्थेची अनेक महाविद्यालयं असतील तर त्यांच्यात बदली होऊ शकते, एरवी निवृत्तीपर्यंत तेच गाव. उलट जोडीदार राष्ट्रीयीकृत बँकेत असेल तर विनंती बदलीचा रस्ता आहे. जिल्हा परिषदेत शिक्षक असेल तर पती-पत्नी एकत्रीकरण आहे. जिल्ह्यांतर्गत बदलीत दोघांच्या कामाच्या ठिकाणांत ३० किलोमीटरहून जास्त अंतर असलं की विशेष संवर्गातून अर्ज करता येतो. जिल्हा वेगळा असेल तर आंतरजिल्हा बदली. त्यात तिकडे तुमच्या प्रवर्गाची जागा रिकामी लागते आणि नव्या जिल्ह्यात सेवाज्येष्ठता पुन्हा तळापासून सुरू होते. तरी मी म्हणेन, ज्येष्ठता गेली तर जाऊ द्या, घर एका जागी आणा.

कंपनीतल्या जोडीदाराचं अवघड आहे. वाळूज-शेंद्र्याचं काम सेलूला किंवा जिंतूरला मिळत नाही. घरून काम करणाऱ्यांनी गावातलं इंटरनेट आणि वीज आधी तपासावी. जोडीदाराला विज्ञान शिकवता येत असेल आणि तुमची जागा लातूरच्या आसपास असेल, तर तिथल्या खासगी शिकवण्यांमुळे त्याला काम मिळणं सोपं जातं.

आम्ही मधली, म्हणजे मी तिकडे खोली घेऊन शनिवारी परतायची वाट धरली, आणि ती निभावली ती गाव रेल्वेच्या मार्गावर होतं म्हणून. परतूर, सेलू, मानवत रोड, पूर्णा ही ठिकाणं संभाजीनगर-नांदेड मार्गावर आहेत, तिथून शनिवारी घरी येता येतं. जिंतूर, कळमनुरी, कंधारला रेल्वे नाही. तिथे आठवड्याची ये-जा एसटीवर करायची म्हणजे रविवार अंग सावरण्यातच जातो. वेळापत्रकही मुलाखतीनंतर विचारून घ्या. नियमाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असतं. पण पदं रिकामी असतात, विभागात तुम्ही एकटेच असू शकता, आणि नॅकचं (कॉलेजचं मूल्यांकन करणारी संस्था) काम आलं की शनिवार-रविवार तिथेच जातात. मुलगी मला ‘शनिवारची आई’ म्हणायला लागली, तेव्हा मी त्या खोलीत बसून खूप रडले. तिसऱ्या वर्षी नवऱ्याने परभणीत कमी पगाराची नोकरी घेतली. तो रोज परभणीला जातो आणि आम्ही माझ्या गावी राहतो.

बिऱ्हाड हलवायचं ठरलं तर घर मे महिन्यात बघा. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आपल्याकडे घराचं खरं भाडं बोअर आटल्यावर कळतं, टँकरचे पैसे जोडल्यावर. आणि रुजू होण्याची मुदत संपण्याआधी दोघांनी मिळून एका सोमवारी पहाटेची गाडी धरून कॉलेजच्या दारापर्यंत जाऊन या.