कोरियात लढलेल्या मामाचं पिस्तूल

ह्यूस्टनजवळच्या एका गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या प्रदर्शन-विक्रीत, 2016 साली मी 900 डॉलर रोख मोजून एक टोकारेव्ह, म्हणजे मूळ रशियन बनावटीचं लष्करी पिस्तूल घेतलं. तसलंच पिस्तूल तेव्हा दुकानात सव्वादोनशेच्या आसपास मिळत होतं. वरचे पावणेसातशे मी एका मामाच्या गोष्टीला दिले. मामा माझा नव्हे, विकणाऱ्याचा.

पुण्यात एनसीसीत असताना पॉइंट टू टू रायफलीच्या मोजून दहा गोळ्या मारल्या होत्या, तेवढाच माझा शस्त्रविद्येचा अनुभव. अमेरिकेत आल्यावर पहिली बरीच वर्षं एच-वन-बीवर गेली. त्या व्हिसावर शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर बंदूक जवळ बाळगणंच केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. (आपल्यातल्या नव्या मुलांना हे कुणी सांगत नाही. मित्राबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जाण्याआधीसुद्धा वकिलाला विचारा.) ग्रीन कार्ड आलं आणि जुनी हौस वर आली. नवं पिस्तूल महाग, म्हणून म्हटलं लष्करी सरप्लस, म्हणजे फौजांनी काढून टाकलेला जुना माल घेऊ.

शीतयुद्ध संपल्यावर पूर्व युरोपातल्या फौजांची गोदामं रिकामी झाली आणि तिथली पिस्तुलं पेट्या भरभरून अमेरिकेत आली. त्यात रोमानियाची टोकारेव्ह पुष्कळ. मूळ रशियन नमुन्याला सेफ्टीच (चुकून बार उडू नये म्हणून असलेली कळ) नसते, घोडा अर्धा चढवून ठेवायचा एवढीच सोय. पण अमेरिकेच्या 1968च्या बंदूक कायद्यानंतर आयातीचे नियम कडक झाले, म्हणून आयातदार त्यात डाव्या बाजूला भोक पाडून एक बेढब सेफ्टी बसवतात आणि आपलं नाव-गाव धातूवर कोरतात. अशा पिस्तुलाला शौकीन नाक मुरडतो. याउलट एखाद्या सैनिकाने युद्धातून स्वतः आणलेलं, आयातीचा शिक्का नसलेलं पिस्तूल तिप्पट-चौपट भावाने जातं. सगळी फसवणूक या दोन किमतींच्या मधल्या जागेत चालते.

विकणारा साठीचा, मृदू बोलणारा. टेबलावर तीनच वस्तू. मखमलीवर ठेवलेलं टोकारेव्ह, दस्त्यावर तारा आणि रशियन अक्षरं, अंगावर 1943 साल. म्हणाला, मामा कोरियात लढला, एका मेलेल्या अधिकाऱ्याच्या कमरेचं हे काढून आणलं, ते घरी आणायच्या परवानगीचा वरिष्ठांच्या सहीचा कागदसुद्धा आहे. कागद खरंच होता, पिवळट, घडीवर फाटलेला. कोरियाच्या लढाईत रशियन पिस्तुलं अमेरिकनांच्या हाती लागली होती हे मी वाचलं होतं. म्हणजे त्याच्या खोट्याला आधार माझ्याच अर्धवट वाचनाने दिला. मी म्हटलं, दस्त्याच्या पट्ट्या काढून आत बघू का? या पट्ट्यांना बाहेरून स्क्रू नसतो, मॅगझिनच्या (गोळ्यांच्या पेटीच्या) खोबणीतून आतली खिट्टी फिरवावी लागते. तो म्हणाला, नको, जुनं बेकेलाइट आहे, तडकेल. मला ते पटलं. जुन्या वस्तूची काळजी घेणारा माणूस वाटला!

टेक्सासमध्ये खासगी माणसाने खासगी माणसाला विकताना ना फॉर्म लागतो ना पार्श्वभूमीची तपासणी. मी पावती मागितली तर हसून म्हणाला, आपण दोघं सभ्य माणसं आहोत. वर काडतुसांच्या तपकिरी कागदातल्या पुड्या भेट दिल्या आणि म्हणाला, ‘नॉन-करोसिव्ह आहेत, नळी गंजत नाही, निर्धास्त वापरा.’

घराजवळच्या बंदिस्त रेंजवर लोहचुंबक लावून पाहिलं. गोळी चिकटली, कारण तांब्याच्या मुलाम्याखाली लोखंड. तिथे असल्या गोळ्यांना परवानगी नाही. मग तासभर गाडी हाकत उघड्या रेंजवर गेलो. आणि खरं सांगू? मजा आली. 7.62 बाय 25 मापाच्या काडतुसाची गोळी लहान पण भन्नाट, सेकंदाला 1,400 फुटांच्या आसपास. आवाज असा की शेजारच्या दोन लेनमधले लोक वळून बघायला लागले. नळीच्या तोंडाशी दिवसाढवळ्या ज्वाळेचा गोळा. दस्ता जवळजवळ काटकोनात, त्यामुळे पहिल्या आठही गोळ्या खाली गेल्या. मनगट थोडं वर धरायला शिकलो तशा त्या कागदावर गोळा व्हायला लागल्या. घरी येऊन नेहमीच्या तेलाने नळी पुसली आणि पिस्तूल कपाटात ठेवलं.

पाच दिवसांनी नळीतून उजेड पाहिला तर आत तांबडं रान. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये (बुडाच्या, बार पेटवणाऱ्या टिकलीत) क्लोरेट असतं. बार उडाला की त्याचं मीठ नळीत बसतं आणि हवेतलं पाणी ओढतं. तेलात ते विरघळत नाही. त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुवायची, कोरडी करायची, मग तेल. ह्यूस्टनची हवा तर रत्नागिरीच्या जुलैसारखी, लोखंडाला उसंत देत नाही. काडतुसाच्या बुडावर कारखान्याचा आकडा आणि पन्नाशीच्या दशकातलं साल होतं. तेवढं वाचलं असतं तरी भेटीचा अर्थ कळला असता.

गंजाचं काय करायचं ते विचारायला एका परवानाधारक दुकानदाराकडे गेलो. त्याने आधी स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, मागच्या खाचांकडे बोट दाखवलं. युद्धकाळातल्या रशियन टोकारेव्हवर रुंद आणि अरुंद अशा आलटून पालटून खाचा असतात. सगळ्या बारीक, एकसारख्या खाचा 1947 नंतरच्या. माझ्या ‘1943’वर सगळ्या बारीक! शिवाय युद्धातली रशियन कारागिरी ओबडधोबड, यंत्राच्या रेघा तशाच सोडलेल्या. हे गुळगुळीत. मग त्याने खिट्टी फिरवून पट्ट्या काढल्या, बेकेलाइट काही तडकलं नाही. डाव्या बाजूला सेफ्टीचं भोक भरून, घासून, वरून काळा रंग चढवलेला. दिवा तिरपा धरल्यावर आयातदाराच्या नावाची पुसट अक्षरं दिसली. भिंगाखाली सालातल्या पाचावर ठोकलेला चारही दिसला. पिस्तूल रोमानियाचं, 1953चं. ताऱ्याच्या पट्ट्या दुसरीकडून आणलेल्या.

तिथे माझे हातपाय गार पडले ते पैशांमुळे नाही. सालाच्या शेजारीच सीरियल क्रमांक असतो आणि क्रमांक खोडलेली बंदूक जवळ असणं हा केंद्रीय गुन्हा. ग्रीन कार्डवाल्याने असल्या भानगडीत सापडणं म्हणजे वीस वर्षांचा संसार पणाला. दुकानदाराने क्रमांक दोनदा भिंगाखाली तपासला. अंक मूळचेच होते. त्या दहा मिनिटांत मला कोरियातला मामा, त्याचा भाचा आणि मी स्वतः, तिघांचाही मनापासून राग आला.

तक्रार करायची तर नाव काय सांगणार? पावती नाही, फोन नंबर नाही. शोच्या आयोजकांना फोन केला. त्यांच्या मते ते टेबल दुसऱ्याच कुणाच्या नावावर होतं.

बायकोला सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, ‘जुन्या बाजारात शिवराई घेणाऱ्यांना तूच हसायचास ना?’ हो, मीच. विहीर खणताना सापडली म्हणून शिवराई विकणाऱ्याला आम्ही शाळकरी पोरं विचारायचो, काका, रोज विहीर खणता का? इथे टेबलावर मखमल दिसली आणि तो प्रश्न सुचला नाही. आता कुणी विचारलं तर मी सांगतो की सरप्लस खुशाल घ्या, पण परवानाधारक दुकानातून, फॉर्म भरून, सेफ्टीसकट, रोमानियाचं ते रोमानियाचं म्हणून. ते स्वस्त आणि बेढब असतं, पण चालतं छान.

नळीत खड्डे पडले होते. दुकानदाराने सुट्या भागांसाठी म्हणून 120 डॉलर देऊ केले, मी घेतले. पिस्तुलाबरोबर मामाचा कागदही काउंटरवर ठेवला, तर त्याने तो बोटाने माझ्याकडे सरकवला. म्हणाला, ‘हा मला नको. हा कागद उद्या दुसऱ्या पिस्तुलाबरोबर विकला जाईल.’ मी उजेडात धरून पाहिला. सगळी अक्षरं सारखीच काळी, टाइपरायटरच्या ठोक्याची खूण मागच्या बाजूला कुठेच नव्हती, म्हणजे तीही नक्कलच. तिथेच चार तुकडे केले आणि त्याच्या टोपलीत टाकले.