अप्पांचे आयव्हीआयजी आणि सोलापुरातील एक डे-केअर विभाग

माझ्या वडिलांना, म्हणजे अप्पांना, सीआयडीपी हा नसांचा आजार आहे. शरीराची प्रतिकारयंत्रणाच हातापायांच्या नसांवरील मायलिनच्या आवरणावर हल्ला करते आणि मेंदूकडून निघालेला संदेश वाटेतच मंदावतो किंवा अडतो. या आजारावरील आयव्हीआयजीसाठी, म्हणजे दात्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे शिरेतून देण्याच्या उपचारासाठी, गेले आठ महिने आम्ही सोलापुरातील एका खासगी रुग्णालयाच्या मज्जाविकार (न्यूरॉलॉजी) विभागात दर तीन आठवड्यांनी जात आहोत. अशा रुग्णांच्या घरच्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते.

अप्पांनी सारी हयात गणवेशांच्या कारखान्यात शिवणकाम केले. गेल्या वर्षी त्यांना सुईत दोरा ओवता येईना, मग स्वतःच्या शर्टाचे बटण लागेना, आणि पुढे पाटावरून उठताना आधार लागू लागला. मधुमेह जुना असल्यामुळे आधीच्या एका दवाखान्यात ‘शुगरने नसा गेल्या’ एवढेच सांगून पाच महिने जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या गेल्या. ते पाच महिने वाया गेले याची हळहळ अजून जात नाही. येथील डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, मांड्या आणि खांद्यांची ताकद तपासली, आणि मधुमेहात बहुधा बधिरपणा पावलांपासून वर चढतो, मांड्या-खांदे असे दुबळे होत नाहीत, हे आम्हाला दाखवून दिले. नर्व्ह कंडक्शन (नसांमधून संदेश किती वेगाने जातो याची) तपासणी आणि पाठीतील पाण्याच्या तपासणीनंतर निदान पक्के झाले.

या विभागाचे सर्वांत मोठे बळ म्हणजे समजावून सांगण्याची पद्धत. प्रतिकारशक्ती कमी पडली असेल असे समजून आम्ही अप्पांना नातेवाइकांनी दिलेले ‘इम्युनिटी वाढवणारे’ चूर्ण देत होतो. डॉक्टरांनी ते बंद करायला सांगितले आणि केसपेपरच्या मागच्या बाजूला एका नसेचे चित्र काढून समजावले. प्रतिकारपेशी एकमेकींना सायटोकाइन नावाच्या रेणूंमार्फत निरोप पाठवतात. टी-पेशी या प्रतिकारपेशींकडून इंटरफेरॉन गॅमा, इंटरल्यूकिन-१७ असे चिथावणारे निरोप सुटले, त्यात टीएनएफ-अल्फाची भर पडली, की रक्त आणि नस यांच्यामधला बांध सैल होतो, मॅक्रोफेज या गिळंकृत करणाऱ्या प्रतिकारपेशी आत शिरतात आणि मायलिन सोलून काढतात. इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा हे आवर घालणारे निरोप आहेत. अप्पांच्या शरीरात हा तोल बिघडला आहे.

मग चिथावणारा एखादा निरोप औषधाने थेट का रोखत नाहीत, असे मी विचारले. संधिवातासाठी टीएनएफ रोखणारी इंजेक्शने घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये उलट मायलिनच झिजल्याचे आढळले आहे, असे उत्तर मिळाले. एकच रेणू एका जागी घातक आणि दुसऱ्या जागी आवश्यक असू शकतो, हे मला तेव्हा कळले. स्टेरॉइड या आजारात चालते, पण अप्पांची साखर पाहता डॉक्टरांनी आयव्हीआयजी निवडले. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून काढलेली ही प्रतिपिंडे मॅक्रोफेजवरील ग्राहक (रिसेप्टर) अडवतात, हल्ल्यात साथ देणाऱ्या कॉम्प्लिमेंट या रक्तातील प्रथिनांना आवरतात आणि चिथावणारे सायटोकाइन कमी करतात. २०२५च्या सुरुवातीला पुण्यात जीबीएस (गिलेन-बॅरे सिंड्रोम) या नसांच्याच आजाराचे रुग्ण वाढल्यापासून शेजारी आमच्याकडे धास्तीने पाहत होते. जीबीएस बहुधा एखाद्या संसर्गानंतर उद्भवतो आणि चार आठवड्यांच्या आत शिगेला पोहोचतो, सीआयडीपी मात्र आठ आठवड्यांहून अधिक काळ वाढत राहतो, आणि दोन्हींपैकी कोणताही आजार रुग्णापासून दुसऱ्याला लागत नाही, हेही डॉक्टरांनी नीट सांगितले.

परिचारिकांचे काम चोख आहे. बाटली फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय त्या लावत नाहीत, सुरुवातीचा वेग अगदी कमी ठेवतात आणि रक्तदाब वारंवार मोजतात. दुसऱ्या खेपेला अप्पांचे डोके ठणकू लागताच त्यांनी थेंब मंदावले आणि पाणी पाजले. शेजारच्या खाटेवरील आजींना मराठी नीट कळत नव्हते, तेव्हा एका सिस्टरनी सारे तेलुगूत सांगितले.

खर्चाबाबत मात्र माझी स्पष्ट तक्रार आहे. पहिला डोस वजनाच्या प्रत्येक किलोमागे २ ग्रॅम असतो. ६० किलोच्या अप्पांना १२० ग्रॅम लागले. हा हिशेब आम्हाला भरती झाल्यानंतर, बिलाच्या खिडकीवर कळला. वजन आधीच ठाऊक असताना अंदाजपत्रक आदल्या दिवशी देणे सहज शक्य होते. शिवाय सकाळी १०ची वेळ देऊन दुपारी १२पर्यंत बसवले जाते आणि खाटा दोनच आहेत.

चौथ्या खेपेनंतर अप्पांनी शर्टाची वरची दोन बटणे स्वतः लावली. तळहातातील पकड अजून पूर्ण आलेली नाही. पुढची तारीख गड्ड्याच्या यात्रेत येत होती. त्या गर्दीतून त्यांना नेणे अवघड होते, म्हणून मी फोन केला. सिस्टरनी डॉक्टरांना विचारून अर्ध्या तासात उलट फोन केला आणि तारीख दोन दिवस अलीकडे घेतली.