अंघोळीचं पाणी: गीझर की सोलर?
महावितरणच्या घरगुती दरात ३०० युनिट ओलांडले की वरच्या युनिटांना चढा दर लागतो. थंडीत आमच्याकडे तो उंबरठा ओलांडायला लावतो तो गीझरच. खरं तर १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.६ युनिटच लागतं. पण बटण बंद करायचं राहिलं, की टाकी निवत जाते आणि थर्मोस्टॅट दिवसभर ती पुन्हा पुन्हा तापवत बसतो.

गच्चीवरचा १०० लिटरचा सोलर इतकंच कढत पाणी देतो, म्हणजे जवळपास ४ युनिटांचं काम ऊन फुकटात करतं. गोम पाइपात आहे. रात्रभर गार झालेलं पाणी आधी सोडावं लागतं. आमची अख्खी बादली भरते तेव्हा कुठे हाताला ऊब लागते. ती बादली आम्ही भांड्यांना वापरतो, नाहीतर पाण्याचं मीटर पळतंच. आषाढ-श्रावणात सोलर नावालाच.

गच्ची स्वतःची असेल तर मी सोलरच घेईन, पावसाळ्यापुरता छोटा गीझर ठेवून. भाड्याच्या घरात गीझरच बरा: वीसेक मिनिटं लावायचा, नळाखाली बसण्याआधी बटण बंद.