स्ट्राँगहोल्ड किंग्डम्स : आठ महिने खेळल्यावर, आणि एकदा कोठार रिकामं झाल्यावर

डिसेंबरात आमच्या शिवारातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. नवी बसायला पाच दिवस लागले. गव्हाचं पाणी लांबलं, मोबाइलही बंद पडला. सहाव्या दिवशी गाव-किल्ला चालवायचा हा गेम उघडला तर कोठारात एक सफरचंद नाही, लोकप्रियता वजा, आणि अर्धं गाव निघून गेलेलं. त्याच रात्री रागानं एक स्टार दिला होता. तो आज बदलतोय.

तुम्ही मोबाइल ठेवून दिला तरी या गेममधलं गाव थांबत नाही, लोक जेवत राहतात. हे मला अजूनही पटत नाही. जिथे लाइन कधी जाईल याचा नेम नाही, तिथल्या माणसानं काय करायचं? सहा महिने जमवलेलं पाच दिवसांत गेलं हो.

पण नंतर नीट पाहिलं तेव्हा कळलं, की खरा घात मी आधीच केला होता. डीपी जायच्या दोन दिवस आधी अन्न कमी दिसलं म्हणून कर वाढवला. सोनं येईल, बाजारातून खाणं घेऊ, असा हिशेब. कर वाढला तशी लोकप्रियता उतरली. ती शून्याखाली गेली की माणसं गाव सोडतात. मग बागेत, गोठ्यात कामाला हात नाहीत, म्हणजे अन्न आणखी कमी. आणि कर द्यायलाही माणूस उरत नाही.

पुतण्या म्हणाला, "काका, दुष्काळात कोणी सारा वाढवते का?" खरं आहे. पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, 50 पैशांच्या खाली आली की आपणच शेतसाऱ्यात सूट मागतो.

मग कर पूर्ण काढला. उलट लोकांनाच सोनं वाटलं, गेममध्ये तशी सोय आहे. रेशन अर्ध्यावर आणलं, त्याची नाराजी त्या सोन्यानं भरून निघाली. हळूहळू माणसं परत यायला लागली.

दुसरी चूक म्हणजे सगळा भार सफरचंदांवर. खाण्याचे जितके प्रकार, तितके लोक खूश, हे माहीत असून मी टाळलं होतं. कपाशीत तुरीचं तास टाकतो तसं आता चीज, मांस, भाजी, पाव सगळं थोडं थोडं चालू ठेवलंय. एक प्रकार संपला तरी गाव तगतं.

गेममध्ये विकत मिळणाऱ्या मदतीच्या कार्डांवर आठ महिन्यांत एक रुपया घातला नाही, घालणारही नाही. त्याशिवाय गाव चांगलं चालतं, फक्त सावकाश.

चार स्टार. पाचवा कापला तो त्या न थांबणाऱ्या गावासाठी. या आठवड्यात ओलिताची लाइन रात्रीची आहे. मोटर सुरू केली की धुऱ्यावर बसून आधी कोठार पाहतो, मग दांडाचं पाणी वळवायला उठतो.