जवळची मीटिंग की ऑनलाइन मीटिंग?

दारू सोडायचं ठरवलेला एक मित्र अडलाय: अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या (दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणारी संघटना) जवळच्या मीटिंगला जाऊ, की मोबाइलवरच बसू?

पैशांचा प्रश्नच नाही. १९३५ साली सुरू झालेल्या या चळवळीत फी नसते. सभासद स्वखुशीने जमेल तेवढं टाकतात.

खरी धाकधूक असते ती ओळखीचं कुणी भेटण्याची. ‘बंद’ मीटिंगला फक्त दारू सोडू इच्छिणारेच येतात, म्हणजे भेटणाराही त्याच नावेतला. ‘खुल्या’ला कुणीही बसू शकतं, हे आधी विचारून घ्यावं. ऑनलाइन कॅमेरा बंद ठेवता येतो, पण घरातल्यांच्या कानांचं काय?

टिकून राहण्यात मला प्रत्यक्ष मीटिंग उजवी वाटते. संपल्यावर खुर्च्या उचलताना, दाराशी पाच मिनिटं रेंगाळताना जे बोलणं होतं, फोन नंबर मिळतात, तेच पुढे अडीनडीला कामी येतात. ऑनलाइनला बटण दाबलं की माणसं गायब! मात्र रात्री दोनला तलफ आली, तर दार उघडं सापडतं ते तिथेच.

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबू नये. फिटचे झटके येऊ शकतात. आधी डॉक्टर, मग मीटिंग.

नुकतीच सोडली असेल, घरात एकटेपणा खात असेल, तर जवळची गाठा. पहिली नाही रुचली तर दुसरी बघा. पाळीची नोकरी, लहान मूल किंवा लांबचं अंतर असेल, तर ऑनलाइन.