बीटा म्हणून घेतलं, चिकटवलेलं निघालं

मॅजिक द गॅदरिंग या कार्डांच्या खेळातलं एक जुनं, महागडं कार्ड ऑनलाइन ग्रुपवरच्या माणसाकडून घेतलं आणि फसलो. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे 'नक्की किती गेले?' हे विचारणं थांबेल. कार्डाचे १,१८,५०० रुपये, कुरियर आणि तथाकथित इन्शुरन्सचे १,४५०, वकिलाच्या नोटिशीचे ६,०००. एकूण १,२५,९५०. घरी यातला निम्माच आकडा माहीत आहे, तेव्हा ओळखीच्यांनी कृपया तोंड सांभाळावं.

विकणारा कसा भेटला, ग्रुपवर त्याची हमी कोणी दिली, 'दुसरा माणूस रात्री पैसे टाकतोय' हे कधी सांगितलं, ते उगाळत नाही. ती पद्धत तुम्हाला पाठ आहे. मलाही होती. मला ज्यानं गंडवलं ती गोष्ट कार्डाच्या आत होती, आणि ती आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक आहे, म्हणून लिहितोय.

कार्ड म्हणजे केऑस ऑर्ब. मॅजिक द गॅदरिंग खेळणाऱ्यांना नाव पुरेसं आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात. हे कार्ड हवेत उडवायचं असतं. किमान एक फूट उंचीवरून सोडायचं, खाली पडेपर्यंत त्यानं निदान एक पूर्ण कोलांटी खायला हवी, नाहीतर ती खेळी बाद. पडताना ज्या ज्या कार्डाला टेकेल ते कार्ड नष्ट. म्हणून त्या काळी लोक ऑर्ब दिसला की आपली कार्डं टेबलभर दूर दूर मांडून बसायचे. हातचलाखीवर चालणारी असली कार्डं अधिकृत स्पर्धांतून बाद झाली, त्याला जमाना लोटला. पण ९३-९४ सालची कार्डं घेऊन खेळणारी जी ओल्ड स्कूल मंडळी आहेत, त्यांच्यात ऑर्ब अजून उडतो. ठाणे-पुण्याचा आमचाही एक छोटा गट आहे.

आता पैशाचा भाग. ऑर्ब छापला गेला १९९३ च्या अल्फा, बीटा आणि अनलिमिटेड या पहिल्या तीन छपायांमध्ये. बीटात प्रत्येक रेअर, म्हणजे दुर्मिळ गटातलं, कार्ड साधारण ३,२०० छापलं, असं मानतात. १९९६ मध्ये कंपनीनं जी रिझर्व्ह्ड लिस्ट काढली, म्हणजे पुन्हा कधीही छापणार नाही अशा कार्डांची यादी, तिच्यात ऑर्ब आहे. त्यामुळे नव्या छपाईनं भाव पडायची भीती नाही. पण त्याच १९९३ च्या डिसेंबरात कलेक्टर्स एडिशन नावाचा अख्खा संच पेटीत घालून विकला होता. पुढची बाजू हुबेहूब बीटासारखी. तोच काळा काठ, तेच चित्र, तीच शाई. फरक दोनच. कोपरे गोल नाहीत, चौकोनी आहेत, आणि पाठीला सोनेरी काठ व 'कलेक्टर्स एडिशन' असा छाप. अधिकृत स्पर्धेत ती चालत नाहीत, म्हणून किंमत बीटाच्या पासंगालाही पुरत नाही.

इथवर सगळ्यांना माहीत असतं. कोपरे कापून कलेक्टर्स एडिशन बीटा म्हणून खपवतात, हेही माहीत असतं, म्हणून आपण पाठीचा फोटो मागतो. मीही मागितला. पाठ अस्सल होती! कारण ती खरंच अस्सल होती. त्या काळातलं कुठलं तरी दोन-पाच रुपयांचं साधं कार्ड घ्यायचं, ओलसर करून मधोमध सोलायचं, त्याची पाठ काढायची. कलेक्टर्स एडिशनचा ऑर्ब तसाच सोलायचा, त्याचं तोंड घ्यायचं. दोन्ही एकमेकांना चिकटवायची, दाबात ठेवायची, मग कोपरे गोल कापायचे. तोंड खरं, पाठ खरी, कार्ड खोटं.

इंटरनेटवरचे सगळे शहाणे तुम्हाला हिरव्या ठिपक्याची चाचणी सांगतात. पाठीवर जे पाच रंगीत ठिपके आहेत, त्यातल्या हिरव्यावर भिंग धरायचं, पिवळसर भागात चार लाल बिंदू एल आकारात दिसले की कार्ड अस्सल. मी केली. व्हिडिओ कॉलवर त्याच्याकडून भिंग धरवून केली. चारही बिंदू जागच्या जागी. अर्थातच होते, पाठ खरी होती ना! ही चाचणी फक्त पाठीची आहे. तोंडाबद्दल ती चकार शब्द काढत नाही. हे कुणी सांगत नाही.

आणि आता तो क्षण, ज्याच्यामुळे रात्री कूस बदलत पडतो.

त्याच कॉलवर त्यानं कार्ड स्लीव्हमधून, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पाकिटातून, काढून कॅमेऱ्यासमोर धरलं होतं. मी म्हटलं, "दादा, वरचा डावा कोपरा जरा जवळ घ्या." घेतला. उजव्याशी ताडून पाहिला. डावा किंचित जास्त गोल होता. किंचित म्हणजे नखाच्या टोकाएवढा, पण दिसत होता. आणि कडेला, काळ्या काठाच्या जाडीत, केसाएवढी एक पांढुरकी रेघ. मी दोन्ही गोष्टी बघितल्या, तोंडानं विचारल्यासुद्धा. त्याचं उत्तर ऐका. "सर, ९३ ची कटिंग अशीच असायची. अल्फाचे कोपरे तर याहून गोल आहेत, तुम्हाला माहीतच असेल." माहीत होतंच. अल्फाचे कोपरे खरोखरच जास्त गोल आहेत, या छंदातलं शेंबडं पोरही ते सांगेल. त्या एका खऱ्या वाक्यानं मी गप्प झालो. पण अल्फाचा साचा वेगळा म्हणून त्याचे चारही कोपरे सारखेच जास्त गोल असतात. एकाच कार्डाचे दोन कोपरे दोन तऱ्हेचे असायचं कारणच काय? साच्यातून निघालेल्या कार्डाला डावं-उजवं कळतं का? हा प्रश्न मला सुचला तो पैसे गेल्यावर. पांढऱ्या रेघेला त्यानं 'एज वेअर', म्हणजे कडेची झीज, म्हटलं, मी मान डोलावली. वर कॅमेऱ्यासमोर टॉर्च लावा म्हटलं, तर 'जुन्या कार्डाला उष्णता नको'. एलईडीच्या टॉर्चची कसली आलीय उष्णता! खऱ्या कार्डातून थोडा प्रकाश आरपार येतो. मध्ये गोंदाचा थर असला की तिथे अंधार दिसतो. टॉर्चला नाही म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नका, दोनशे रुपयांचं असलं तरी.

यूपीआयची दिवसाची मर्यादा एक लाख, म्हणून आज १,००,००० आणि उद्या १८,५०० असं ठरलं. मध्ये अख्खी रात्र होती. ती मी ऑर्ब कुठल्या डेकमध्ये बसवायचा या विचारात घालवली.

कार्ड आलं, काळ्या पाठीच्या स्लीव्हमध्ये, टॉपलोडर नावाच्या कडक प्लास्टिकच्या खोक्यात, वर गोल स्टिकर: 'सील तोडल्यास परत घेतलं जाणार नाही'. म्हणजे तपासायचं तर हक्क सोडायचा. असला स्टिकर दिसला तर उघडण्याआधी फोन करून भांडा, आणि पाकीट फोडण्यापासून व्हिडिओ काढा. तो मी काढला नव्हता.

पुढे काही महिने ऑर्ब मजेत उडत होता. मग ठाण्याचा पाऊस सुरू झाला. जुलैमध्ये एका संध्याकाळी ऑर्ब उडवला, नेमका समोरच्याच्या दोन कार्डांवर पडला, सगळे ओरडले, आणि मित्रानं तो उचलून हातात तसाच धरून ठेवला. म्हणाला, "अरे, हे काय?" स्लीव्हमधून बाहेर काढल्यावर वरची कड शंकरपाळ्याचे पदर सुटावेत तशी सुटलेली होती. आत पिवळट, चिवट गोंद. दुसऱ्या दिवशी जांभळी नाक्याच्या एका सराफाकडे वजन केलं. माझी रिव्हाइज्डची, म्हणजे अनलिमिटेडच्या पुढच्या छपाईची, कार्डं पावणेदोन ग्रॅमच्या आसपास, ऑर्ब दोन ग्रॅमला टेकलेला. सराफानं विचारलं, "यात सोनं आहे का?" काय सांगणार. काही घ्यायच्या आधी वजन विचारा, ग्रॅमच्या काट्यावर, दोन दशांशांपर्यंत. ज्याच्याकडे लाखाचं कार्ड आहे त्याच्याकडे पाचशेचा काटा असायलाच हवा.

'एवढं कळत होतं तर फसलास कसा?' हे विचारणारे भेटलेच. त्यांना एवढंच सांगतो: लोगन पॉल या अमेरिकन यूट्यूबरनं पहिल्या आवृत्तीच्या पोकेमॉन पाकिटांची पेटी म्हणून ३५ लाख डॉलर मोजले होते. जाणकारांनी तपासून सीलबंद केलेली पेटी. जानेवारी २०२२ मध्ये कॅमेऱ्यासमोर उघडली, तर आत जी. आय. जो या खेळण्यातल्या सैनिकांची कार्डं. त्याच्या दिमतीला तज्ज्ञ होते, माझ्याकडे एक भिंग आणि मोबाइलचा कॅमेरा होता. आणि कीव करायचीच असेल तर त्या कार्डाची करा. कलेक्टर्स एडिशनचा एक अस्सल ऑर्ब सोलून मारून टाकला, तोही १९९३ चा. गंमत म्हणजे आमच्या गटात कलेक्टर्स एडिशन चालते. काही देशांतले गट चालवतात, काही नाही. मला बाहेरच्या ओल्ड स्कूल स्पर्धांतही चालेल असं हवं होतं, म्हणून बीटाचा आग्रह. साधा चौकोनी कोपऱ्यांचा घेतला असता तर यातले बरेच पैसे खिशात असते.

आता यंत्रणा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. म्हणाले, पैसे गेल्या गेल्या कळवलं असतं तर खातं गोठवता आलं असतं, आता उशीर झाला, पोर्टलवर टाका. पोर्टलवर टाकलं. तिथून पोलीस ठाण्यात पाठवलं. ठाण्यात हवालदार म्हणाले, "पत्ते? तीनपत्ती का?" मी म्हटलं, साहेब, जुगार नाही, गोळा करायची कार्डं. "मग सव्वा लाख कशाचे?" मी १९९३ पासून सुरुवात केली. त्यांनी पेन खाली ठेवलं. आतले साहेब आले, कार्ड हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "वस्तू मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला." सायबरवाले म्हणतात, ओटीपी दिला नाही, लिंक दाबली नाही, पैसे तुम्हीच पाठवले, मग हा सायबर गुन्हाच नाही. म्हणजे ठाण्याच्या मते दिवाणी, सायबरच्या मते ठाण्याचं, आणि विकणारा हैदराबादचा, म्हणून दोघांच्याही मते तिकडचं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, जुनं ४२० तेच, आणि झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते, हे मी छापून नेलं होतं. "वकील आहात का?" नाही. "मग?" अर्ज घेतला, शिक्का मारला, झालं.

बँकेची तऱ्हा आणखी न्यारी. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक संरक्षण देतं ते ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहाराला. मी स्वतःच्या हातानं पिन टाकला, तेव्हा फाइल बंद. ग्राहक हेल्पलाइन, १९१५: विकणारा व्यापारी आहे का? नाही, हौशी माणूस आहे. मग ग्राहक कायद्यात बसत नाही. तो महिन्याला चार-पाच कार्डं विकतो, याचे स्क्रीनशॉट आहेत म्हटलं तर 'जीएसटी नंबर आहे का?'. अहो, चोर जीएसटी भरून चोरी करेल? वर ठाण्यातून सांगणं असं की कार्ड नकली असल्याचं तज्ज्ञाचं प्रमाणपत्र आणा. या देशात असं प्रमाणपत्र देणारं कोण आहे ते त्यांनाही माहीत नाही, मलाही नाही. कार्डं तपासून दर्जा ठरवणाऱ्या परदेशी ग्रेडिंग कंपनीला पाठवायचं तर विमा, कस्टम, त्यांची फी, आणि उत्तरात 'फेरफार केलेलं, ग्रेड नाही' एवढी ओळ मिळणार. सोललेलं कार्ड डोळ्यांना दिसतंय, बोटाला लागतंय, पण कागद हवा!

ग्रुपच्या अ‍ॅडमिननं तर कमालच केली. माझी पोस्ट 'वैयक्तिक वाद' म्हणून उडवली, हमी देणाऱ्यांनी मौन धरलं, आणि विकणारा आजही तिथेच आहे.

पैसे पाठवण्याआधी विकणाऱ्याकडून लेखी घ्या: 'बीटा, मूळ स्वरूपात, सोललेलं किंवा पाठ बदललेलं नाही, नाहीतर पूर्ण पैसे परत'. माझ्या चॅटमध्ये फक्त 'अस्सल आहे सर' असं आहे. वकील म्हणतात, त्यातलं प्रत्येक तोंड आणि प्रत्येक पाठ अस्सलच होती, तो तेच म्हणेल. नोटिशीला उत्तर आलेलं नाही. स्लॅबमध्ये, म्हणजे ग्रेडिंग कंपनीच्या नंबर घातलेल्या बंद डबीत, मिळतंय म्हणून निर्धास्त होऊ नका, खऱ्या स्लॅबचा नंबर खोट्या डबीवर छापणारेही आहेत. नंबर टाकल्यावर येणारा फोटो आणि हातातलं कार्ड ओरखड्या-ओरखड्यानं जुळवा.

गेल्या आठवड्यात मला गंडवणाऱ्यानं 'बीटा, मॉक्स रुबी' हे आणखी एक महागडं कार्ड विकायला टाकलंय. फोटो पुढून एक, मागून एक, कडेचा एकही नाही. त्याच्याकडून याआधी काही घेतलं असेल तर स्लीव्हमधून काढा, कड उजेडात धरा, काट्यावर ठेवा. आणि खोटं निघालं तर आपापल्या ठाण्यात अर्ज द्या, माझ्या अर्जाचा आवक क्रमांक मी मेसेजवर देतो. एकट्याचा अर्ज त्यांना दिवाणी वाटतो.